दोन ओळींची जागा

संशोधन आराखड्याच्या नमुन्यात ‘प्रबंधाचा विषय’ या शब्दांपुढे दोन ओळींची जागा सोडलेली असते. ती भरायला मला एक वर्ष आणि सात महिने लागले. प्रवेश परीक्षा, मुलाखत, मार्गदर्शक मिळणे, कोर्सवर्कचे पेपर हे सगळे त्या मानाने मार्गी लागले आणि त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. नाशिकच्या एका महाविद्यालयात मी बारा वर्षे गणित शिकवते. एम.एस्सी.ला मला शिकवलेल्या मॅडम आता पुण्यात असतात आणि त्यांच्याकडे एक जागा रिकामी होती. त्यामुळे महिन्यातून एका शनिवारी ठक्कर बाजारहून पहाटेची एसटी पकडायची, मोहदरी घाटात वही उघडायची, संगमनेरपर्यंत डुलकी काढायची आणि दुपारी मॅडमसमोर बसायचे, असा क्रम ठरून गेला. अडले ते फक्त विषयापाशी.

मला कॉम्बिनेटोरिक्समध्ये, म्हणजे मांडणी, निवड आणि मोजणी यांच्या गणितात काम करायचे आहे, एवढे पहिल्यापासून नक्की होते. घरी सासूबाईंनी “तू नेमकं शिकतेस तरी काय?” असे विचारले, तेव्हा मी त्यांना ‘लीलावती’तल्या अंकपाशाच्या प्रकरणातले उदाहरण सांगितले. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म अदलून-बदलून दिले तर मूर्तीचे किती प्रकार होतील, असा प्रश्न भास्कराचार्यांनी तिथे घातला आहे, आणि त्याचे उत्तर 24 आहे. त्या लगेच म्हणाल्या, “म्हणजे संध्येतली केशवाय नमः, नारायणाय नमः, ती चोवीस नावं.” पुढे शंकराच्या दहा हातांतल्या दहा वस्तूंचा हिशेब 36,28,800 येतो हे सांगितल्यावर मात्र त्यांनी हात जोडले. या शाखेचा मोह आणि धोका दोन्ही त्या संवादात आहेत. इथला प्रश्न कोणालाही कळतो, आणि त्यामुळे तो आपल्याला सुटेल असेही वाटत राहते.

मी सुरुवात केली ती ग्राफ लेबलिंगपासून. आपल्याकडे या विषयावर काम करणारे पुष्कळ आहेत, आणि नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या शिक्षकाला तो सोयीचा वाटतो, कारण कागद-पेन्सिलीवर लगेच काहीतरी हाती लागते. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या काही रेषा घ्यायच्या, यालाच ग्राफ किंवा आलेख म्हणतात. रेषा 5 असतील तर बिंदूंना 0 ते 5 यांपैकी वेगवेगळे आकडे द्यायचे, प्रत्येक रेषेवर तिच्या दोन टोकांच्या आकड्यांमधला फरक लिहायचा, आणि ते फरक 1, 2, 3, 4, 5 असे एकेकदाच आले पाहिजेत. असे जमले तर ते ग्रेसफुल लेबलिंग. एका ओळीतल्या चार बिंदूंना 0, 3, 1, 2 हे आकडे दिले की फरक 3, 2, 1 येतात आणि काम झाले. पंचकोनाला मात्र हे कधीच जमत नाही. पंचकोनाभोवती एक फेरी मारून आपण निघालो त्याच आकड्यावर परत येतो, म्हणजे वाटेत जेवढे चढलो तेवढेच उतरलो. त्यामुळे सगळ्या फरकांची बेरीज सम असलीच पाहिजे, आणि 1 ते 5 यांची बेरीज तर 15 आहे. टी.वाय.च्या वर्गात मी हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

ॲलेक्झांडर रोझा यांनी या प्रकारच्या लेबलिंगची कल्पना 1967 मध्ये मांडली. ज्यात एकही बंद फेरी नाही अशा प्रत्येक जोडलेल्या आलेखाला, म्हणजे प्रत्येक ‘वृक्षा’ला, ग्रेसफुल लेबलिंग असते, हे अनुमान अजून सिद्ध झालेले नाही. संगणकाने 35 बिंदूंपर्यंतचे सगळे वृक्ष तपासले गेले आहेत. अनुमान सुटत नाही म्हणून लोक वृक्षांची एकेक जात घेऊन तेवढ्यापुरते सिद्ध करत गेले, मग लेबलिंगचेच नवे नियम निघाले, आणि जोसेफ गॅलियन यांनी 1998 पासून चालवलेल्या सर्वेक्षणात आता दोन हजारांहून अधिक शोधनिबंधांची नोंद झाली आहे. नवख्या माणसाला ते सर्वेक्षण शहराच्या नकाशासारखे वाटते. प्रत्येक गल्लीला नाव आहे, आणि आपण एखादी नवी गल्ली काढावी, असे मनात येते.

मीही काढली. आमच्या एका नातेवाइकांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. मांडवाखाली उभी असताना मला एक आलेख दिसला. मधून जाणारी एक फांदी, फांदीवरच्या प्रत्येक पेराला एक देठ, आणि देठाच्या टोकाला घडाचे मणी. मी त्याला मनातल्या मनात द्राक्षवेल असे नाव दिले आणि प्रत्येक घडात सारखे मणी असतील तर त्याला ग्रेसफुल लेबलिंग देता येते, हे साडेचार महिन्यांत सिद्ध केले. रात्री जेवणे उरकली की स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी वही घेऊन बसायचे, फांदीवरच्या सम पेरांना मोठे आकडे आणि विषम पेरांना लहान आकडे वाटून पाहायचे, एक घड जमला की पुढचा बिघडायचा. शेवटी ते सूत्र जमले तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता, आणि तो खोटा नव्हता असे मला आजही वाटते.

मॅडमनी पाने उलटली, चित्र पाहिले आणि त्याच सर्वेक्षणातल्या एका परिच्छेदावर बोट ठेवले. बाहेरच्या टोकांना मणी असलेले तारे, म्हणजे मधला एक बिंदू आणि त्याला जोडलेली टोके, घ्यायचे आणि प्रत्येक ताऱ्याचे एक टोक एका ओळीत जोडत जायचे, अशा आलेखाला तिथे ‘फायरक्रॅकर’ म्हटले होते, आणि असे आलेख ग्रेसफुल असतात हे चेन, लू आणि ये यांनी 1997 मध्ये सिद्ध केलेले होते. माझा द्राक्षाचा वेल म्हणजे त्यांची फटाक्यांची माळ. तो परिच्छेद मी वाचलेला होता. नाव फटाक्यांचे असल्यामुळे माझ्या डोळ्यांना तिथे घड दिसले नाहीत, एवढेच.

मला वाईट वाटले ते साडेचार महिन्यांचे नव्हे. मॅडमनी त्यानंतर विचारलेल्या प्रश्नाचे मला उत्तर देता आले नाही, त्याचे वाटले. त्या म्हणाल्या, “समज, हे आधी कोणी केलं नसतं. तर तुझ्या या निकालामुळे दुसऱ्या कोणाचं कुठलं अडलेलं काम पुढे गेलं असतं?” मी गप्प राहिले. त्याच सुमारास मला एका नियतकालिकाकडून ई-मेल आला होता, की आपला निबंध पाठवा, तीन दिवसांत स्वीकृती कळवू आणि शुल्क स्वीकृतीनंतर भरा. घडांमधले मणी कमी-जास्त घेतले असते तर माझा निबंध तिथे छापून आला असता, अशी मला खात्री आहे. पगारवाढीच्या आणि पदोन्नतीच्या हिशेबात त्याचा उपयोगही झाला असता. लेबलिंगवर काम करणाऱ्या सगळ्यांना मी एका मापाने मोजत नाही, त्यात कसदार काम आहेच. पण प्रश्न अवघड झाला की त्याला वळसा घालून शेजारी एक सोपा प्रश्न उभा करण्याची सवय या विषयात फार लवकर लागते, आणि ती मला लागू लागली होती.

नाशिकमध्ये गणिताचे संशोधन म्हटले की लोक कापरेकरांचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. द. रा. कापरेकर 1930 ते 1962 अशी 32 वर्षे देवळालीला शाळेत शिकवत होते, आणि 6174 या संख्येचे त्यांनी शोधलेले वैशिष्ट्य आज जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते. स्टाफरूममध्ये माझी अडचण कळल्यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “कापरेकरांना कुठं मार्गदर्शक होता? तुम्हीही आकड्यांशी खेळा, मिळेल काहीतरी.” सल्ला प्रेमाचा होता, पण मला तो लागू नव्हता. कापरेकरांनी आपला प्रश्न स्वतः निवडला होता आणि त्याला कोणाची मान्यता घेण्याची त्यांना गरज नव्हती. मला तर दोन ओळींत लिहून समितीसमोर तो समर्थनीय आहे असे दाखवायचे होते.

पुढचा धागा मिळाला तो परीक्षा समितीच्या खोलीत. सत्र परीक्षेचे सहा दिवस होते आणि सहा ब्लॉक होते. प्रत्येक ब्लॉकमध्ये एक अनुभवी आणि एक नवीन असे दोन पर्यवेक्षक द्यायचे होते, आणि सहा अनुभवी व सहा नवीन शिक्षक उपलब्ध होते. आधीच्या वर्षी तीच ती जोडी त्याच त्या ब्लॉकवर येते अशी कुरकुर झाली होती, म्हणून परीक्षा अधिकाऱ्यांनी मला सांगितले, “मॅडम, तुम्ही गणिताच्या. असा तक्ता करा की प्रत्येक जण रोज एका ब्लॉकवर असेल, सहा दिवसांत प्रत्येक ब्लॉकवर एकदाच जाईल, आणि प्रत्येक अनुभवी शिक्षक प्रत्येक नवीन शिक्षकाबरोबर एकदा आणि एकदाच बसेल.” मी म्हणाले, उद्या देते.

त्या दिवशी संध्याकाळी मी 36 घरांचा चौकोन आखला. अनुभवी शिक्षकांचा तक्ता पाच मिनिटांत झाला, कारण पहिल्या दिवशी 1, 2, 3, 4, 5, 6 आणि दुसऱ्या दिवशी 2, 3, 4, 5, 6, 1 असे सरकवत गेले की झाले. नवीन शिक्षकांचा तक्ता त्यावर बसवताना मात्र जोड्या पुन्हा पुन्हा येऊ लागल्या. दुसऱ्या रात्री मी दोन्ही तक्ते बदलून पाहिले. 30 वेगवेगळ्या जोड्यांपर्यंत पोहोचले आणि पुढे सरकेना. मध्येच पाच दिवस आणि पाच ब्लॉक धरून पाहिले, तर तो तक्ता चहा निवण्याच्या आत तयार झाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी करत होते ते ऑयलरचे काम होते. सहा रेजिमेंटमधले सहा हुद्द्यांचे 36 अधिकारी अशा चौकोनात उभे करायचे, की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक रेजिमेंट व प्रत्येक हुद्दा एकदाच यावा, हा प्रश्न ऑयलरने 1782 मध्ये छापला होता, आणि असे उभे करणे अशक्य आहे हे गास्तों तारी यांनी 1900 च्या सुमारास सगळ्या शक्यता तपासून दाखवले होते. आमचे बारा शिक्षक आणि सहा ब्लॉक यांना त्यातून सूट मिळणार नव्हती. परीक्षा अधिकाऱ्यांना मी दुसऱ्या दिवशी सांगितले, की हे होत नाही असे सिद्ध झालेले आहे. ते म्हणाले, “सिद्ध झालंय ते ठीक आहे, पण तक्ता कधी देताय?” काही जोड्या दोनदा आल्या तर चालतील, असे त्यांनी मान्य केले आणि परीक्षा पार पडली.

यातल्या पुढच्या भागाशी आपला जवळचा संबंध आहे. 6, 10, 14, 18 अशा, चारने भागल्यावर 2 बाकी उरणाऱ्या कोणत्याही संख्येसाठी अशा दोन चौरसांची जोडी मिळणार नाही, असे ऑयलरला वाटत होते. ज्याच्या प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक आकडा एकदाच येतो तो लॅटिन चौरस, आणि असे दोन एकावर एक ठेवल्यावर आकड्यांची प्रत्येक जोडी एकदाच आली तर ते एकमेकांचे जोडीदार. 1959 मध्ये राजचंद्र बोस आणि शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी 22 साठी जोडी तयार करून ते खोटे ठरवले, अर्नेस्ट पार्कर यांनी 10 साठी जोडी दिली, आणि मग तिघांनी मिळून 2 आणि 6 सोडून इतर सगळ्यांसाठी जोडी असतेच हे सिद्ध केले. ती बातमी एप्रिल 1959 मध्ये न्यू यॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली होती. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि 2020 मध्ये वयाच्या 102 व्या वर्षी वारले. एम.एस्सी.ला असताना मी हे नाव परीक्षेपुरते पाठ केले होते. पर्यवेक्षणाचा तक्ता फसल्यानंतर ते पहिल्यांदा समजले.

मी उत्साहाने मॅडमना सांगितले, की 10 × 10 चे एकमेकांशी जुळणारे तीन चौरस मिळतात का हा प्रश्न अजून सुटलेला नाही, तोच घेते. त्यांनी शांतपणे नकार दिला. तो प्रश्न कशात धरायचा हे तुला सांगता येत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि प्रश्नाची कीर्ती ही त्याला धरायची कड नव्हे, हेही. त्याऐवजी त्यांनी एकच चौरस घ्यायला लावला आणि त्यात ट्रान्सव्हर्सल शोधायला सांगितले. ट्रान्सव्हर्सल म्हणजे प्रत्येक ओळीतून एक आणि प्रत्येक स्तंभातून एक अशी घरे निवडायची, की त्यांतले आकडेही सगळे वेगवेगळे असावेत. चौरसाला जोडीदार मिळण्यासाठी त्याची सगळी घरे अशा निवडींमध्ये वाटली गेली पाहिजेत. माझा सरकवत केलेला तक्ता त्यामुळेच पहिल्या रात्री हलत नव्हता. त्यात एकही ट्रान्सव्हर्सल नव्हता.

याचे कारण वहीच्या अर्ध्या पानात मावते. चार ओळींचा चौरस घ्या: 0123, 1230, 2301, 3012. ओळी आणि स्तंभ यांनाही 0 ते 3 हे क्रमांक द्या. मग प्रत्येक घरातला आकडा म्हणजे ओळ अधिक स्तंभ, चारने भागून उरलेली बाकी. ट्रान्सव्हर्सल असेल तर त्याच्या ओळींची बेरीज 6 आणि स्तंभांची 6, म्हणजे एकूण 12, आणि बाकी 0. पण त्यातले आकडेही 0, 1, 2, 3 असतात, त्यांची बेरीज 6, आणि बाकी 2. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. पंचकोनाच्या वेळी चढ-उतारांची बेरीज केली होती, तीच युक्ती इथे वेगळ्या वेषात आली होती. कोणत्याही सम संख्येसाठी सरकवत केलेल्या चौरसात हेच होते. विषम ओळींच्या प्रत्येक लॅटिन चौरसात निदान एक ट्रान्सव्हर्सल असतो, हे हर्बर्ट रायसर यांचे अनुमान मात्र अजून उघडे आहे. पुरेशा मोठ्या चौरसांत एक घर कमी असलेला ट्रान्सव्हर्सल तरी मिळतोच, हे रिचर्ड माँटगोमेरी यांनी 2023 मध्ये दाखवले.

पुढच्या शनिवारी परतीच्या एसटीत, नारायणगावच्या आसपास, मी त्याच चार ओळींच्या चौरसातला पहिल्या व तिसऱ्या ओळीचा आणि पहिल्या व तिसऱ्या स्तंभाचा छोटा चौकोन पाहत होते. त्यात वर 0, 2 आणि खाली 2, 0 आहेत. ते चार आकडे उलटे केले, म्हणजे वर 2, 0 आणि खाली 0, 2, तर चौरस लॅटिनच राहतो, कारण कोणत्याही ओळीतले किंवा स्तंभातले आकडे बदलत नाहीत. नवा चौरस 2103, 1230, 0321, 3012. मी त्यात ट्रान्सव्हर्सल शोधू लागले, आणि पहिल्या ओळीतला 2, दुसरीतला तिसऱ्या स्तंभातला 3, तिसरीतला चौथ्या स्तंभातला 1 आणि चौथीतला दुसऱ्या स्तंभातला 0, असा एक मिळाला. मग दुसरा मिळाला. संगमनेर येईपर्यंत आठ झाले होते आणि त्याहून जास्त सापडेनात. शून्यावरून आठ, केवळ चार आकडे उलटे केल्यामुळे.

घाट उतरल्यावर कारणही लक्षात आले. बदललेल्या प्रत्येक घरात ‘ओळ अधिक स्तंभ’ या हिशेबापेक्षा 2 जास्त येतात, आणि मघाशी बेरजेत कमी पडत होते ते नेमके 2. म्हणून ट्रान्सव्हर्सलमध्ये बदललेल्या चार घरांपैकी नेमके एकच घर यायला हवे. चार घरे, प्रत्येक घरातून दोन, असे आठ.

ही बेरजेची युक्ती जुनीच आहे, आणि इयन वॉनलेस यांच्या सर्वेक्षणात व त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधांत तिचा सफाईदार उपयोग झालेला आहे, हे मी त्याच आठवड्यात वाचले. या वेळी मात्र मला फटाक्यांची माळ आठवून पोटात खड्डा पडला नाही. मॅडमना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “युक्ती जुनी असली तर उत्तम. हत्यार धारदार आहे हे दुसऱ्यांनी तपासलेलं आहे. आता तुला काय कापायचं आहे ते सांग.” मी सांगितले: सम ओळींच्या, म्हणजे सम कोटीच्या, सरकवत केलेल्या चौरसात असे छोटे चौकोन कुठे कुठे उलटवायचे, किती उलटवले की ट्रान्सव्हर्सल येतात, आणि दोन चौकोन उलटवल्यावर ते पुन्हा नाहीसे कधी होतात.

समितीसमोर मी हेच मांडले, चार ओळींचा चौरस फळ्यावर लिहून. एका सदस्यांनी उपयोग काय असे विचारले. मी प्रयोगांच्या आखणीतली शेतजमिनीच्या तुकड्यांची नेहमीची उदाहरणे दिली, आणि ती त्यांना पटली. दुसऱ्या सदस्यांनी मात्र फळ्याजवळ येऊन स्वतः खडूने दुसरा एक चौकोन उलटवला आणि विचारले, “आता?” त्याचे उत्तर मला त्या क्षणी माहीत नव्हते, आणि आम्ही दोघांनी मिळून ते तिथेच शोधले, त्यात ठरलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटे जास्त गेली.

संध्याकाळी मॅडमच्या घरी नमुना भरला. दोन ओळींत विषय बरोबर बसला. मॅडमनी चष्मा लावून तो वाचला, पेन मागितले, ‘सर्व सम कोटींच्या चौरसांतील’ या शब्दांतला ‘सर्व’ खोडला, त्यावर ‘काही’ लिहिले आणि खाली सही केली.